फुटामागं एक सूत

उद्यमनगरात, पिराजीतात्या सुतारांच्या पॅटर्न शॉपवरचा
माळा भाड्यानं घेतला तेव्हा
आम्ही चौघं होतो आणि एक सर्व्हर.
अर्हंत मगदूम त्याला म्हैस म्हणायचा.
उन्हाळ्यात ती धापा टाकायची,
टेबलफॅन तिच्याकडं तोंड करून
आणि आम्ही घामाघूम.

मग वारं फिरलं.
समोर धार काढून फेसाळता ग्लास तोंडाला लावणाऱ्या गावात
आम्ही म्हैस विकली
आणि क्लाउडचं पिशवीतलं दूध लावलं.
लागेल तेवढंच, रोजच्या रोज, बिल महिन्याला.

मग कंटेनर आले.
जिथं एक पुरत होता तिथं चाळीस,
आणि चाळिसांना हाकायला आणखी एक यंत्रणा,
तिच्या सेटिंगची फाइल
आमच्या मूळ प्रोग्रॅमहून लांब.
दर दोन वर्षांनी मी नवी बोली शिकले
आणि आधीच्या बोलीतले विनोद विसरले.

खाली तात्या सागवान तासत होते.
भिंतीभर टांगलेले लाकडी पॅटर्न,
अंगावर तांबड्या रंगात नंबर,
आणि ज्या इंजिनांचे ते, त्यांच्या कंपन्या
कधीच बुडालेल्या.
टाकत का नाही, मी विचारलं.
"येतोय की एखादा.
परवा गडहिंग्लजचा आलता, चरकाचं चाक फुटलं म्हणून.
त्याला काय सांगू, फॅशन गेली?"

एका रात्री पावणेतीनला फोन किंचाळला.
कुठल्या तरी देशातल्या कुणी तरी
फुकट दिलेलं, जेमतेम पानभराचं पॅकेज
काढून घेतलं होतं,
आणि त्याच्यावर उभं असलेलं, त्याच्यावरचं, त्याच्यावरचं,
असं करत करत आमचं बिल्ड पडलं.
सात वर्षं मी त्याच्या खांद्यावर उभी होते
आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं.
जाताना एवढंच लिहिलेलं: दमलो.
आधी शिवी आली तोंडात.
मग जिन्यातनं खाली बघितलं,
अंधारात ती सगळी चाकं टांगलेली.

आता कोड लिहायला यंत्र आहे.
अर्हंत त्याला चक्क मराठीत सांगतो, ते लिहून देतं.
चाचणी तेच घेतं, पासही तेच होतं.
मी वाचते. दिवसभर नुसती वाचते.
कुठंच खटकत नाही,
तेच खटकतं.

दिवाळीतलं बिल बघून ठरलं,
म्हैस परत आणायची.
तात्यांच्या टेबलावरची स्टीलची पट्टी उचलून
मी माळ्यावरच्या कोनाड्याची उंची घेतली.
बरोबर सहा फूट.
शिरोलीतनं रॅक बनवून आणला, हमालांनी चढवला,
आणि वर फट राहिली. पाऊण इंच.
अर्हंत फॅब्रिकेटरला फोन लावत होता
तेवढ्यात तात्या आले, फट बघितली, हातातली पट्टी बघितली
आणि खोकला येईपर्यंत हसले.

"पोरी, ही पट्टी खोटी हाय.
बीड थंड झालं की आकसतंय,
म्हणून हिच्यात फुटामागं एक सूत जादा.
पट्टी लबाड, तवा माल खरा."

सहा फूट, सहा सूत.
मी कागदावर मांडून बघितलं, तरी मला पटेना
की हा माणूस चाळीस वर्षं
चुकीच्या पट्टीनं बरोबर मोजत होता.
आमची सगळी मापं गरम असताना घेतलेली.

रॅक तसाच ठेवला.
वरच्या फटीतनं केबली ओढल्या,
नाही तर भिंत फोडावी लागली असती.
त्या दमलेल्या माणसाला दुपारी मेल लिहिला,
आभाराचा, चार ओळींचा.
उत्तर नाही अजून.

तात्यांनी पट्टीच्या टोकाला तांबडा ठिपका दिलाय
आणि ती खिळ्याला उंच टांगलीय.
अर्हंत कालच म्हणत होता, नवीन काय तरी आलंय,
सगळं पुन्हा हलवावं लागंल.
म्हैस धापा टाकतेय.
मी फॅन तिच्याकडं वळवला.